खिडकीची जागा

"जहाजावरचे दिवस धरायचे नसतात. एवढं साधं कळू नये का माणसाला?"

देवस्थळीबाई हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. पण त्यांचं तोंड माझ्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर होतं आणि जहाजाच्या शिडीवर पुढेमागे सरकायला जागा नव्हती, त्यामुळे ते मलाच ऐकावं लागलं. आमचं जहाज सकाळीच कोचीच्या धक्क्याला लागलं होतं. लक्षद्वीपची बेटं बघून आणि पोटातलं सगळं समुद्राला वाहून आम्ही सांगली-मिरजेच्या बायका हातात चपला धरल्यासारख्या एकेक पायरी उतरत होतो.

वाद खिडकीचा होता. आपल्याकडच्या सहल कंपनीबरोबर जे हिंडलेत त्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. बसमधल्या जागा रोज बदलतात. आज पुढे बसलेली उद्या मागे सरकते, मागची पुढे येते, म्हणजे पुढच्या बाकावरची मोठी खिडकी प्रत्येकीला एकदा तरी मिळावी. मुन्नारपर्यंत हे सगळं चोख चाललं. मग कोचीला बस सोडून आम्ही जहाजावर चढलो आणि प्रश्न उभा राहिला. बसमध्ये न बसलेले दिवस जागा बदलण्यात धरायचे की नाही? धरले तर आज पुढची खिडकी आमच्या अक्कांची. नाही धरले तर देवस्थळीबाईंची. आणि देवस्थळीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या.

अक्का माझ्या पुढे होत्या. त्यांनीही ते ऐकलं. मागे न बघता मला म्हणाल्या, "नलू, जहाजावरच्या जेवणाचे पैसे घेतलेत नव्हं आपल्याकडून? मग दिवस पण धरायचे."

मागून नुसतं "हं" आलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. साठीला आलेली, अंगानं भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लग्नानंतर त्यांचा प्रवास म्हणजे माहेर, नरसोबाची वाडी आणि मुलगा निरंजन नोकरीला लागल्यावर पुणे. ही बायकांची सहल ठरली तेव्हा त्या आधी नाहीच म्हणाल्या. त्यांना अण्णांनी पाठवलं. अण्णा, माझे थोरले दीर, यांची मिरजेत लाकडाची वखार होती. ते स्वतः वखार सोडून कुठे जात नसत आणि दिवसाला मोजून पाच वाक्यं बोलत. त्यातलं एक त्यांनी अक्कांवर खर्च केलं. "जा, समुद्र कसा असतो बघून ये, आणि आल्यावर मला सांग."

झालं. त्या दिवसापासून अक्का समुद्र गोळा करत होत्या. मला उलट्यांनी वर बघवत नसे आणि ह्या कठड्याला धरून उभ्या. "निळा कसला, हिरवा आहे. ह्यांना सांगायला पाहिजे." "नलू, मासे उडतात गं. ह्यांना पटायचं नाही." "जहाजातल्या संडासात पाणी खाली जात नाही, ओढून घेतं कुणीतरी. ह्यांना सांगते."

'हे' एवढंच. नवऱ्याचं नाव अक्कांनी कधी तोंडातून काढलं नाही. सरकारी कचेरीत साहेबानं "पतीचं नाव?" विचारलं की त्या मला कोपरानं ढोसत आणि मी सांगायची. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि उखाणाही एकच, लग्नातला, कुणी रचून दिलेला: 'सागाची चौकट, फणसाचं दार, त्र्यंबकरावांच्या जिवावर माझा कारभार.' आम्ही चेष्टा करायचो की अक्का, आता निदान लाकूड तरी बदला.

शिडी उतरून धक्क्यावर आलो आणि सगळ्यांच्या पर्सा एकदम वाजायला लागल्या. समुद्रात फोन लागत नव्हते. अडकून पडलेले सगळे फोन आता एकदमच सुटले. माझाही वाजला. आमचे हे होते.

"पोचलात?"

"आत्ता उतरतोय."

"अक्का कुठं आहेत?"

"पुढे. बॅग शोधतायत."

"तू जरा बाजूला हो."

माझ्या नवऱ्याला फोनवर असं बोलायची सवय नाही. मी बाजूला झाले. जाड दोर गुंडाळलेला एक लोखंडी खुंट होता, त्याच्याजवळ.

"अण्णा," ते म्हणाले आणि थांबले. "परवा दुपारी. जेवून वखारीत खुर्चीवर टेकले, ते तसेच. हमालानं चहा नेला तेव्हा कळलं."

मी खुंटावरच्या दोराला धरलं.

"निरंजन आला रात्री. तुमचं जहाज कधी लागणार, कसं कळवायचं, काही समजेना. किती थांबणार? काल सकाळी उरकून घेतलं."

"उरकून घेतलं?"

"मग काय करणार होतो, नलू?"

समोर अक्का वाकून बॅगेला बांधलेली लाल रिबीन शोधत होत्या. आपली बॅग ओळखू यावी म्हणून त्यांनी ती बांधली होती, आणि त्यांचं बघून सगळ्यांनीच लाल रिबिनी बांधल्या होत्या.

"त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही," आमचे हे सांगत होते. "बीपी आहे त्यांना. परक्या मुलखात काही झालं तर तू एकटी काय करणार? आहे त्याच संध्याकाळच्या गाडीनं आण. स्टेशनवर आम्ही सगळे येतो, मग बघू."

"आणि फोन लाव म्हणाल्या तर?"

"लाइन खराब आहे म्हण. अण्णांचा फोन बिघडलाय म्हण. काहीतरी सांग, एरवी तुला सुचतं की."

आमच्यात अशी बातमी बाईला सरळ कुणी देत नाही. 'जरा बरं नाही, येऊन जा' म्हणतात. ऐकणारीलाही त्याचा अर्थ कळतो, सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं की तिला कळलाय, आणि तरी घर येईपर्यंत दोघंही 'बरं वाटेल हो' म्हणत प्रवास करतात. माझी आई अशीच एकदा आठ तास एसटीतून आली होती. मांडीवर मोसंब्यांची पिशवी घेऊन.

फोन ठेवून वळले तर मागे देवस्थळीबाई. बॅगेचं चाक अडकलंय असं दाखवत उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"नलिनी," त्या म्हणाल्या. तोवर मी त्यांच्या लेखी 'त्या मिरजेच्या' होते.

मुग्धाला सांगणं भागच होतं. मुग्धा म्हणजे आमची सहलप्रमुख, गळ्यात शिट्टी, हातात कंपनीचं निशाण, वय पंचवीस-सव्वीस. ऐकून तिनं शिट्टी मुठीत धरली आणि सोडेचना. विमानाचं बघते म्हणाली, दोन-तीन फोन केले. मुंबईला जायचं, तिथून रात्रभर रस्त्यानं मिरज, त्यापेक्षा आपली गाडी बरी, असं निघालं. म्हणजे संध्याकाळपर्यंतचा दिवस काढायचा होता. ठरलेली कोची बघून.

"नलू, लागला का गं तुझा फोन?" अक्का बॅग ओढत आल्या. "ह्यांना लाव की. आलो म्हणून सांगते."

"लाइन खराब आहे, अक्का."

आमच्या चारी बाजूंना बायका ओरडून बोलत होत्या. हॅलो, हो, उतरलो, हो, उलट्या झाल्या.

"ह्यांच्या सगळ्यांच्या लागतायत की."

"आपल्या फोनच्या कंपनीचं वेगळं असतं."

"होय काय," अक्का म्हणाल्या.

बसमध्ये चढेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कुणी कुणाला सांगितलं ते मला दिसलं नाही. पण एकेक बाई फोन बंद करून पर्समध्ये टाकत होती. पुढच्या खिडकीत देवस्थळीबाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. अक्का पायरी चढून वर आल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि मागे जायला वळल्या.

देवस्थळीबाई उठल्या. "बसा."

"अहो, तुमची आहे म्हणत होता ना."

"नाही, नाही. मी परत हिशेब केला. जहाजाचे दिवस धरायचेच असतात. तुमचीच आहे. बसा तुम्ही."

अक्का दांडीला धरून उभ्या राहिल्या. आधी देवस्थळीबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते. मग त्या बसल्या, पदर सारखा केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बस सुटली.

पूल ओलांडून आम्ही फोर्ट कोचीत आलो. अर्धा रस्ता मागून काही ना काही पुढे येत होतं. आवळा सुपारी आली. लिंबाच्या गोळ्या आल्या. "अक्कांना ऊन लागतंय का बघा, पडदा ओढा." जहाजावर अक्कांच्या घोरण्यावरून जिनं खोली बदलून मागितली होती तिनं स्वतःची मानेची उशी पाठवली. अक्का सगळं घेत होत्या आणि मांडीवर ठेवत होत्या. त्यांच्यासमोर हळूहळू ओटी भरल्यासारखा ढीग झाला.

समुद्रकाठी ती मोठाली चिनी जाळी आहेत. लाकडाचे अजस्र हात, एका बाजूला दगड बांधलेले. चार-सहा माणसं दोर ओढतात तसं जाळं पाण्यातून वर येतं. कुठलं लाकूड म्हणून अक्कांनी विचारायला लावलं. सागवान, असं दोर ओढणारा एक कोळी म्हणाला. मी वाट बघत होते की आता म्हणतील, ह्यांना सांगायला पाहिजे. त्या काही बोलल्या नाहीत. मला बरंच वाटलं. फोनचंही त्यांनी परत काढलं नव्हतं. मला वाटलं, चला, बघण्यात रमल्या आहेत, दिवस निघेल.

पलीकडेच ते जुनं चर्च. आमचा वाटाड्या तिथलाच होता, चांगलं हिंदी बोलायचा. जमिनीत एक दगड होता, त्याला पितळी कठडा. इथे वास्को द गामाला पुरलं होतं, म्हणाला. कोचीतच वारला बिचारा, घरापासून इतक्या लांब. काही वर्षांनी त्याच्या देशात नेला, आता इथे नुसती जागा आहे.

सगळ्या बायका छपराकडे बघायला लागल्या. मुग्धा म्हणाली, "चला, पुढे जाऊया का?"

अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या. "मुग्धा, त्यांना विचार गं, त्याच्या बायकोला कधी कळलं?"

मुग्धानं माझ्याकडे बघितलं. वाटाड्याला प्रश्न कळला होता. तो म्हणाला, तसं कुठे लिहिलेलं नाही, मांजी. जहाजानं निरोप जायचा. कित्येक महिने लागत असतील.

"तोपर्यंत ती रोज उठून जेवायला करत असेल," अक्का म्हणाल्या. "कुणीतरी तिला म्हणत असेल, बाई, तुझी साडी छान आहे."

चौगुलेमावशी तेवढ्या त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मावशी इचलकरंजीच्या, आमच्यात सगळ्यांत थोरल्या. चाळीस वर्षं मोकळ्या कपाळानं काढलेली बाई. त्यांनी अक्कांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गार आहे नाही हा कठडा?" अक्का म्हणाल्या, "होय, मावशी. गार आहे."

मट्टानचेरीच्या बाजारात सुंठीचा आणि मिऱ्याचा वास इतका की आम्ही रांगेनं शिंकत होतो. जुन्या वखारींची आता दुकानं झालीत. एका दुकानात कोपऱ्यात काठ्या उभ्या होत्या, शिसवी, मुठीवर कोरीव हत्ती. अक्का थेट तिकडे. लाकडाचं त्यांना कळायचं, तीस-पस्तीस वर्षं वखारीच्या मागच्याच घरात काढलेली. काठी नखानं टोकून बघितली, नाकाला लावली. अण्णांचा गुडघा दुखायचा. निघतानाच त्या म्हणाल्या होत्या, ह्यांच्यासाठी एक चांगली काठी बघायची.

"शिसवीच आहे," त्या म्हणाल्या. "फसवत नाही."

दुकानदारानं किंमत सांगितली. मी घाईघाईनं म्हटलं, "महाग सांगतोय हो, अक्का. मिरजेत स्वस्त मिळेल."

अक्कांनी काठी दोन्ही हातांत आडवी धरली. मग होती तिथे परत ठेवली, शेजारच्या काठ्यांच्या ओळीत नीट सरळ करून.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "काठी काय करायचीय आता."

मला वाटलं, माझं ऐकलं.

जेवायला आणि आंघोळीला एक जुना बंगला घेतला होता. मोठा दिवाणखाना, लाल फरशी, उंच खिडक्या. आमच्या सहलीचे महाराज बरोबरच होते. त्यांनी वरण-भात, मटकीची उसळ केली होती. कुणी धड जेवलं नाही. अक्का जेवल्या. ताट स्वच्छ करून, हात धुऊन त्या आल्या आणि आपली मोठी पिशवी फरशीच्या मधोमध ठेवली.

"हळदीकुंकू करून घेऊ."

संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमी यायची होती. अक्कांनी निघण्याआधीच ठरवलं होतं, जहाजावर भर समुद्रात संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं. वाण मिरजेहून आणलं होतं. पण जहाज असं हललं की अर्ध्या बायका आडव्या आणि अर्ध्या बादलीशी. ते राहूनच गेलं होतं.

"अहो अक्का, राहू द्या आता," देवस्थळीबाई म्हणाल्या. "दमलोय सगळ्या."

"दमलाय तर बसूनच करायचंय. वाण परत मिरजेला नेऊ काय मी?"

"घरी जाऊन करू की मग," कुणीतरी म्हणालं आणि स्वतःच जीभ चावली.

"घरी?" अक्का म्हणाल्या. "घरी कुठलं होतंय. मी पातळ बदलून येते, तोवर सतरंजी घाला."

त्या आत गेल्या आणि इकडे कुजबूज सुरू झाली. कसं लावायचं कुंकू? आपल्या हातानं? माहीत असून? एक म्हणाली, मला पाप लागेल. एक म्हणाली, आणि नाही लावलं तर? त्या विचारतील ना, का लावत नाही म्हणून, काय सांगणार आहात? देवस्थळीबाई रडायला लागल्या, आवाज न करता, रुमालात. मी भिंतीला टेकून उभी होते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, जशी काही मी त्या सगळ्यांचीच जाऊ.

चौगुलेमावशी कोपऱ्यात तिळगुळाचा डबा उघडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लावा गं. पुसायला मिरजेला बसलेत की सगळे."

मग सतरंजी घातली.

अक्का काळी चंद्रकळा नेसून आल्या. संक्रांतीला नेसायची म्हणून मुद्दाम घडी न मोडता आणलेली. त्या मधे बसल्या आणि आधी सगळ्यांना स्वतः हळदीकुंकू लावलं, मग पिशवीतून वाण काढलं. लाकडाचे छोटे चमचे, मसाल्याच्या डब्यातले. वखारीत उरलेल्या शिसवीच्या तुकड्यांचे.

"ह्यांनी केलेत," प्रत्येकीच्या हातात देताना अक्का सांगत होत्या. "कारागिरानं आकार दिला, पण घासलेत ह्यांनी. संध्याकाळी वखार बंद झाली की काचकागद घेऊन बसायचे. हात फिरवून बघा. कुसळ लागायचं नाही."

प्रत्येक बाई बोट फिरवून बघत होती. काय करणार? लागत नाही हो, म्हणत होती. माझा चमचा अजून माझ्या हळदीच्या वाटीत आहे. बरीच वर्षं झाली, पिवळा पडलाय, पण खरंच लागत नाही.

मग बायका एकेक उठून अक्कांना कुंकू लावायला लागल्या. इतकं हळू कुंकू लावलेलं मी कुठे बघितलं नाही. जणू कपाळाला भाजलंय. देवस्थळीबाईंनी खाली बघतच बोट पुढे केलं आणि कुंकू अक्कांच्या नाकावर सांडलं.

"तिथं कशाला?" अक्का म्हणाल्या. "कपाळ वर आहे."

एकदोघी हसल्या आणि मग त्यांना ते हसू कुठे ठेवावं कळेना. माझी पाळी आली. मी कोयरीत बोट बुडवलं. अक्कांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिलं कुंकू मला त्यांनी लावलं होतं. मी लावलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मोठं लाव गं. काय कंजूषपणा."

मी परत बोट बुडवून मोठं लावलं.

अक्का उठल्या, पिशवीतला आणखी एक चमचा घेऊन कोपऱ्यात गेल्या.

"मावशी, घ्या."

"मला कुठलं वाण, बाई. मला कुंकू नाही."

"चमचा मिठाला लागतो, कुंकवाला नाही. घ्या."

मावशींनी घेतला. बोट फिरवून बघितलं आणि पदरात बांधला.

उखाणे टाळावेत असं सगळ्यांच्याच मनात होतं, पण अक्कांनी कुणाला सोडलं नाही. नाव घ्या म्हणत गेल्या. बायका तोंडातल्या तोंडात, खाली बघून, जमेल तसं यमक जुळवत नावं घेत होत्या. एरवी ज्या दोन-दोन मिनिटांचे उखाणे म्हणायच्या त्यांनी दोन ओळींत संपवलं. देवस्थळीबाई नुसतंच "श्रीकांतरावांचं नाव घेते" म्हणाल्या आणि पुढचं काही त्यांना आठवलं नाही. मी घेतलं. काय घेतलं ते आज आठवत नाही.

मुग्धानं घड्याळ बघितलं. "चला, आता बॅगा बाहेर काढूया ना? गाडीची वेळ होईल."

"माझं राहिलंय," अक्का म्हणाल्या.

मुग्धा होती तिथेच थांबली.

"सगळ्यांची झाली. माझंच राहिलंय."

बाहेर बस लागली होती, तिचं इंजिन चालू होतं. अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, उभ्या राहिल्या, चंद्रकळेचा पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"सागाची चौकट, फणसाचं दार..."

आणि थांबल्या. विसरल्या असं वाटून मी पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"देवस्थळीबाई," अक्का म्हणाल्या.

"अं?"

"जहाजावरचे दिवस धरायचे नसतात. तुमचंच बरोबर होतं."

देवस्थळीबाईंनी रुमाल तोंडावर धरला.

"तुम्ही उठलात तेव्हाच मला कळलं. नुसतं आजारपण असतं, तर तुम्ही निम्म्या वाटेपर्यंत दिली असती खिडकी."

"अक्का," मी म्हटलं.

"थांब गं. सकाळपासून थांबलीस, आणखी जरा थांब." त्यांनी रिकामी पिशवी उचलली, झटकली, आत एकही चमचा राहिला नाही ना ते बघितलं. "कुणी बोललं असतं म्हणजे मग मला हे वाटता आलं नसतं. महिनाभर बसून घासलेत त्यांनी. म्हटलं, वाटून होऊ देत."

पिशवीची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि ती काखेत धरली. मग, नाव घेताना घेतात तसा, डोक्यावर पदर घेतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या,

"त्र्यंबकराव गेले."